चिकटवलेला ऑगस्ट

डॉ. सबीहा खोत यांचं पत्र मे महिन्याच्या अकरा तारखेला आलं आणि ऑगस्टच्या सोळा तारखेपर्यंत मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. लिहायला घेतलं नाही असं नाही. सात वेळा घेतलं. ‘स.न.वि.वि.’ लिहून झालं की पुढे हात चालायचा नाही. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला एक सवलत असते. त्याचं उत्तर आलं नाही, तर लोक समजतात की म्हातारा विसरला असेल, नाहीतर गेला असेल. त्या सवलतीच्या आड मी तीन महिने बसून राहिलो होतो.

पत्र कागदावर होतं, इथपासूनच मला शंका होती. २०४१ साली पुण्याच्या संशोधन संस्थेतली बाई टपालाने पत्र कशाला पाठवेल? मी पाकिटावरचा शिक्का भिंगाखाली धरून पाहिला. शिक्का पुण्याचाच होता. मग मजकूर पुन्हा वाचला.

‘आदरणीय आठल्ये सर, आपल्या महाविद्यालयाच्या वनस्पतिसंग्रहातल्या ४१२ हर्बेरियम शीट आम्ही वाचल्या. त्यांपैकी ११८ शीटवरची तारीख आणि आमच्या यंत्राने सांगितलेले वर्ष जुळत नाही. लेबलांवर १९९७ ते २००५ या काळातली वर्षे आहेत. यंत्राच्या मते ती पाने १९८८ ते १९९१ मधली आहेत. दोनच शक्यता उरतात. एक तर कोकणच्या दमट हवेत वाळवलेल्या पानांवर आमचे यंत्र चुकते, किंवा लेबले चुकीची आहेत. त्या वर्षांत विभागप्रमुख आपण होता. आपल्याशिवाय हे कोणी सांगू शकणार नाही. पुरावे १५ सप्टेंबरपर्यंतच स्वीकारले जातील. आपण इ-मेल पाहत नाही असे कळले, म्हणून हे पत्र.’

असे कळले. कोणाकडून कळले?

हर्बेरियम शीट म्हणजे काय, ते सांगायला हवं. फुललेलं रोप मुळासकट उपटून वर्तमानपत्रात दाबायचं, वाळवायचं आणि जाड कागदावर चिकटवायचं. उजव्या कोपऱ्यात लेबल: रोपाचं नाव, ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव. आमच्या वेळी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने अशा पंचवीस शीट करून द्यायच्या, त्याही त्याच वर्षी गोळा केलेल्या, असा विद्यापीठाचा नियम होता. प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेरून परीक्षक यायचा. त्याला आम्ही सगळे ‘एक्स्टर्नल’ म्हणायचो. तो एक एक लेबल वाचायचा. परीक्षा संपली की चांगल्या शीट कॉलेजच्या कपाटात जायच्या. अशा कपाटांना पुढे कोणी विचारील असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

त्यांना भाव आला तो यंत्रामुळे. यंत्राबद्दल मला जेवढं समजलं तेवढं लिहितो. चुकलं असेल तर चूक माझी.

विसाव्या शतकाच्या मध्याला मोठ्या देशांनी उघड्या हवेत अणुस्फोट केले. त्यामुळे हवेतला कार्बन-चौदा, म्हणजे कार्बनचा एक किरणोत्सारी प्रकार, जवळजवळ दुप्पट झाला. उघड्यावरच्या चाचण्या थांबल्यावर तो दर वर्षी उतरत गेला. काही समुद्राने आणि झाडांनी घेतला. उरलेला आपण पातळ केला. दगडी कोळसा आणि खनिज तेल कोट्यवधी वर्षं जमिनीखाली पडून असतात, त्यामुळे त्यांच्यात कार्बन-चौदाचा अंशही शिल्लक नसतो. आपण ते जाळत राहिलो आणि दुधात पाणी ओतावं तसा तो मेलेला कार्बन हवेत ओतत राहिलो. म्हणून त्या काळापासूनच्या प्रत्येक वर्षाच्या हवेला स्वतःची खूण आहे. आमच्या पठारावरची रोपं एका पावसात उगवतात, फुलतात आणि त्याच पावसात संपतात. त्यांच्या अंगातला सगळा कार्बन त्या एकाच पावसाळ्यातला. पर्णवाचक नावाचं हे यंत्र वाळलेल्या पानाचा तिळाएवढा तुकडा घेतं आणि ते कोणत्या वर्षी जगलं ते सांगतं. पानातल्या ऑक्सिजनवरून ते सुरुवातीच्या पावसावर वाढलं की उशिराच्या, हेही त्याला कळतं.

हे सगळं चाललं होतं ‘सावली’साठी. सावली हे आपल्या वर्तमानपत्रांनी दिलेलं नाव. खास विमानांनी वीस किलोमीटर उंचीवर खडूसारखी बारीक भुकटी फवारायची, म्हणजे उन्हाचा थोडा भाग वरच्या वर परत जातो आणि खालची पृथ्वी जराशी निवते. धूर कमी करायला देशांना जमलं नाही तेव्हा हा उपाय आला. यात मेख अशी, की जमीन तापते म्हणून समुद्रावरचा वारा पाऊस घेऊन आत येतो. जमीनच कमी तापली, तर वारा कशाला धावेल? म्हणून आंतरराष्ट्रीय परिषदेने नियम केला: ज्या प्रदेशाचा पाऊस आधीच मागे सरकल्याचा, म्हणजे उशिरा येऊ लागल्याचा, जुना पुरावा असेल, त्याच्या वाऱ्याच्या वाटेवर मार्च ते मे फवारणी करायची नाही.

जुना पुरावा म्हणजे आमची वाळलेली फुलं.

आमचं गाव सड्याच्या पायथ्याशी आहे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं विस्तीर्ण पठार. पावसाचं पाणी त्या जांभ्यातून झिरपत आमच्या विहिरींना येतं. माझी विहीर पूर्वी मेअखेरपर्यंत टिकायची, आता फेब्रुवारीत तळ दिसतो. सावलीने पाऊस आणखी दोन आठवडे मागे गेला तर काय होईल, ते सांगायला यंत्र नको. डॉ. खोत यांच्या पत्राचा अर्थ मला पहिल्याच दिवशी कळला होता. मी गप्प राहिलो तर यंत्रच आमच्या हवेत चुकतं असं धरलं जाईल. मग रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंतच्या कॉलेजांच्या ज्या शीट पाऊस सरकल्याचं सांगतात, त्याही केराच्या टोपलीत जातील आणि कोकणाला सूट मिळणार नाही. आणि बोललो तर? तर मला माझ्याच विभागाची लेबलं खोटी होती असं लिहावं लागेल, तेही ती का खोटी होती हे ठाऊक नसताना.

मला खरोखर ठाऊक नव्हतं का? या प्रश्नाशी आलो की मी कागद बाजूला ठेवायचो.

सोळा ऑगस्टला शैलाचा फोन आला. शैला गवाणकर माझी विद्यार्थिनी. पुढे दिल्लीला गेली, नाव मिळवलं, आता परिषदेच्या मोसमी पावसाच्या समितीवर सल्लागार आहे. दर गुरुपौर्णिमेला न चुकता फोन करते. हा फोन गुरुपौर्णिमेनंतर महिन्याने आला, म्हणून मी सावध झालो.

“सर, तब्येत कशी आहे?”

“आहे. तू बोल.”

“तुम्हाला सबीहा खोतचं पत्र आलंय ना?”

“तुला कोणी सांगितलं?”

“सर, ती सगळ्या जुन्या लोकांना लिहिते आहे. उत्तर दिलंत?”

“नाही.”

“मग देऊ नका.”

फोनवर गप्प बसणं मला चांगलं जमतं.

“रागावू नका सर. पण एका कॉलेजची लेबलं खोटी निघाली, की आपल्याकडचे सगळेच संग्रह संशयात जातील. बाहेरचे लोक तेवढ्याचीच वाट बघतायत. शिवाय या वयात तुमचं नाव कशाला ओढवून घ्यायचं?”

“पण शैला, लेबलं खोटी आहेत का?”

ती वेगळ्याच आवाजात म्हणाली, “यंदा मे महिन्यात नागपूरला उष्माघाताने किती माणसं गेली, वाचलंत ना? कोकणाला सूट दिली की फवारणीचं सगळं वेळापत्रक नव्याने करावं लागतं. तीन वर्षं जातात त्यात. तीन उन्हाळे, सर. तुमच्या विहिरीचं मला कळतं, पण त्या माणसांचं काय सांगू?”

फोन ठेवल्यावर बऱ्याच वेळाने लक्षात आलं की माझ्या प्रश्नाचं उत्तर तिने दिलंच नव्हतं.

शैलाची पीएच.डी. आमच्या सड्यावरच्या फुलोऱ्यावर होती. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात सडा फुलतो आणि ही वेळ वर्षानुवर्षं बदललेली नाही, असा तिचा निष्कर्ष. कोकणाबद्दलचा परिषदेचा अहवाल त्याच्यावरच उभा होता. म्हणजे लेबलं खोटी निघाली तर ती माझ्यापेक्षा जास्त बुडणार होती. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटता वाटताच मनात आलं की हिला आधीपासून माहीत आहे. मग आणखी एक नाव आठवलं आणि मला जरा हायसं वाटलं, हे कबूल करायला हवं. ते नाव तातू मेस्त्रीचं.

तातू मेस्त्री आमच्या प्रयोगशाळेचे परिचर. कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला. मेस्त्री मुलांना जुन्या शीट पुरवतात अशी कुजबूज स्टाफरूममध्ये तेव्हाही होती. मी ती ऐकायचो आणि पेपरात डोकं घालायचो.

मेस्त्री निवृत्त झाल्यापासून गणपतीची शाळा चालवतात. चतुर्थीला पंधरा दिवस राहिले होते. पत्र्याच्या मांडवाखाली पन्नाससाठ गणपती बिनडोळ्यांचे बसले होते आणि मेस्त्री चष्मा कपाळावर चढवून एकाच्या सोंडेवर कुंचला फिरवत होते.

“येवा सर, येवा. आज वाट चुकलास?” ते म्हणाले. “बसा. त्या पाटार नको, रंग ओलो आसा.”

मी दुसऱ्या पाटावर बसलो. रस्त्याने दोन वाक्यं पाठ करत आलो होतो, त्यातलं पहिलं विसरलो.

“मेस्त्री, एक विचारायचंय. रागावू नका.”

“ब्याऐंशी झाली. आता रागान काय होतला? इचारा.”

“त्या हर्बेरियमच्या शीट. जुन्या शीटवर नवी लेबलं लावून मुलांना देणारे... ते तुम्ही का?”

मेस्त्रींनी कुंचला पाण्यात ठेवला. माझ्याकडे बघून ते चक्क हसले.

“सर, तुमी इसरलास, की इसरल्यासारखा करतास?”

“म्हणजे?”

“नव्व्याण्णव सालचा झेंडावंदन आठवता? रविवार होतो. झेंडो लावलो आणि तसेच टरकात बसान सड्यार गेलो. तुमची ती तिसऱ्या रविवारची सहल. चार तास पोरां वाकान वाकान बघीत होती. फूल नाय. नुसतो काळो कातळ. ती गवाणकरांची पोरगी तुमका सांगूक इली, सर, हंय काय नाय. तुमी काय म्हणालास?”

मला आठवत होतं. आठवत नाही असं मी तीन महिने स्वतःला सांगत होतो.

“तुमी म्हणालास, आळशी आसात तुमी. जमिनीकडे बघूक नको तुमका. परत जावा आणि बघा. पोरगी रडली. त्या वर्षाक दुसरी सहल काढूक नाय तुमी.”

“मग?”

“मग फेब्रुवारीत माका बोलयलास. म्हणालास, मेस्त्री, एक्स्टर्नल येतलो, पोरांकडे शीटी नाय, नापास होतली. कपाटात जुनी आसत, काय ता बघा. आणि वर्गात निघान गेलास. पाठी वळान बघूक नाय.”

“मी फक्त ‘काय ते बघा’ एवढंच म्हणालो.”

“हां,” मेस्त्री म्हणाले. “आणि मी काय ता बघलंय.”

बाजूच्या गणपतीचा उंदीर त्यांनी उचलला, फुंकर मारून धूळ उडवली आणि परत ठेवला.

“असं एकाच वर्षी झालं?”

“सहा वर्षां. मधली तीन वर्षां फुला गावली. बाकी दर वर्षी ताच. पोरां हात हलवत येत, तुमी तेंका आळशी म्हणत, आणि शिमग्याच्या आधी माका बोलयत.”

“जुनी लेबलं काढलीत कशी? कागद फाटला नाही?”

“काढलंय खंय?” मेस्त्रींना हा प्रश्न आवडला नाही. “तेच्यार कोणाचा तरी नाव होता, सर. कोणाचा नाव मी कशाक फाडू? वरसून चिकटवलंय. डिंकान.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कॉलेजात गेलो. वनस्पतिशास्त्र विभाग आता नाही. कपाटं ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत आहेत. ग्रंथपाल बाईंनी किल्ली दिली आणि आम्ही काही पळवून तर नेणार नाही ना, अशा नजरेने दोनदा डोकावून गेल्या. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

प्रत्येक शीटवर पानाच्या टोकाला यंत्राने घेतलेल्या तुकड्याचं भोक होतं. मी शैलाची शीट काढली. सीतेची आसवं. निळं फूल वाळून राखी झालेलं. लेबल: ‘सडा, १५ ऑगस्ट १९९९, शै. द. गवाणकर’. खाली माझी सही.

मेस्त्रींनी कोमट पाण्यात कुंचला बुडवला आणि लेबलाच्या कडेने फिरवत राहिले. मूर्तीच्या डोळ्याला हात लावावा तसा त्यांचा हात चालला होता. दहा मिनिटांनी एक कोपरा सुटला. चिमट्याने त्यांनी लेबल उचलून टीपकागदावर ठेवलं. खाली पिवळं पडलेलं दुसरं लेबल होतं: ‘सडा, २० ऑगस्ट १९८९, प्र. वि. मयेकर’. त्याच्याखालीही माझी सही.

यंत्र बरोबर होतं.

“दुसरा काढू?” मेस्त्रींनी विचारलं.

“नको. बाकीची पुण्याच्या लोकांनाच त्यांच्या हाताने काढू दे. नाहीतर म्हणतील, या म्हाताऱ्यांनीच नवीन काहीतरी चिकटवलं.”

मी उरलेल्या एकशेसतरा शीट पत्रासोबतच्या यादीवरून एकेक करून नुसत्या पाहिल्या. का पाहिल्या ते सांगता येणार नाही. बहुधा शिक्षा म्हणून. तीस-चाळीस झाल्यावर मला काहीतरी जाणवलं. १७ ऑगस्ट १९९७. पुन्हा १७ ऑगस्ट १९९७. १५ ऑगस्ट १९९९. १८ ऑगस्ट २००२. नावं वेगळी, रोपं वेगळी, पण तारखा मोजून सहाच. सगळे रविवार. कोणत्या तारखेची लेबलं लिहायची, हे मुलांना कोणी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी आपापल्या मनाने सहलीची तारीख घातली होती. ज्या दिवशी ती खरोखर सड्यावर उभी होती आणि त्यांना काही मिळालं नव्हतं, त्या दिवसाची.

मी खुर्ची ओढून बसलो. रोप खोटं, वर्ष खोटं. पण त्या तारखेला त्या नावाचं मूल सड्यावर होतं आणि फूल नव्हतं, ही गोष्ट खरी होती. नाहीतर लेबल चिकटवायची वेळच आली नसती. नऊ वर्षांपैकी सहा वर्षं सडा ऑगस्टच्या तिसऱ्या रविवारी फुलला नव्हता. पाऊस मागे सरकत होता, हे मुलं दर वर्षी येऊन मला सांगत होती. मी वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक, आणि मला संशय आला तो मुलांवर.

संध्याकाळी मीच शैलाला फोन लावला. आजवर मी तिला कधी फोन केला नव्हता.

“शैला, तुझ्या शीटवरच्या लेबलाखाली प्रमोद मयेकरचं लेबल आहे.”

“माहीत आहे, सर.” ती इतक्या सरळ म्हणाली की मीच गडबडलो. “उजेडात धरलं की दिसायचं.”

“मग प्रबंधात ती तारीख का घेतलीस?”

“खाली तुमची सही होती. सड्यावर गेले तेव्हा मी वीस वर्षांची होते. मला वाटलं, आमचंच चुकलं. फुलं असतील, आम्हालाच दिसली नसतील. तुम्ही म्हणालात ना तसं. पुढे शहाणपण आलं, तोवर त्या प्रबंधावर नोकरी लागली होती, मग पुढची नोकरी लागली.” मग तिने स्वतःच पुढे सांगितलं, “मी सावली वाचवायला फोन केला होता की स्वतःला, ते मलाही नीट सांगता येणार नाही.”

“त्या दिवशी तू सड्यावर काय पाहिलंस?”

“आता विचारताय?”

“हो.”

“कातळ. तापलेला, पंधरा ऑगस्टला. खळग्यांत पाणी नव्हतं, चिखल होता, त्याला भेगा. गवत बोटभर. सड्यावरच्या त्या पांढऱ्या गेंदाच्या एका रोपाला कळी आली होती, ती मी मेस्त्रींना दाखवली. फूल एकही नाही.”

मी ते तिच्या शब्दांत लिहून घेत होतो. तिने विचारलं, “लिहिताय का?”

“हो. खोत बाईंना पाठवायला. ती लेबलं म्हणजे फूल न आल्याची नोंद आहे, असं कळवणार आहे. शीट बाद करू नका, उलट्या वाचा, असं.”

ती म्हणाली, “बेचाळीस वर्षं लागली सर तुम्हाला.”

“हो.”

“आणि नागपूर?”

“नागपूरचं उत्तर माझ्याकडे नाही, शैला. मी फक्त सड्याचं सांगू शकतो. तेही आता.”

“माझं नाव घालणार?”

“लेबलावर आहे.”

“मग घाला. माझ्या अहवालाचं मी बघते, ते तुम्ही लिहू नका.” मी फोन ठेवणार तेवढ्यात ती म्हणाली, “आणि सर, तुम्ही आम्हाला आळशी म्हणालात, तेही लिहा.”

उत्तर लिहायला मला पाच दिवस लागले. ‘स.न.वि.वि.’ या वेळी सोडून दिलं.

‘डॉ. सबीहा खोत यांस, आपले यंत्र चुकलेले नाही. ११८ शीटवरची वरची लेबले माझ्या सांगण्यावरून आणि माझ्या सहीने लावली गेली. परिचर श्री. तातू मेस्त्री यांनी माझी आज्ञा पाळली, त्यांचा दोष नाही. त्यांनी जुनी लेबले फाडली नाहीत, ती खालीच आहेत. कोमट पाण्याने कडा ओल्या केल्यास वरचे लेबल सुटते. एक सोडवून पाहिले आहे, बाकीची आपण आपल्या माणसांसमोर सोडवावीत. खालच्या लेबलावर रोपाची खरी तारीख मिळेल. वरचे लेबल कृपया फेकू नये. त्यावरची तारीख सहलीची आहे. ज्याचे नाव लेबलावर आहे तो विद्यार्थी त्या दिवशी सड्यावर होता आणि त्याला फूल मिळाले नाही. अशा सहा तारखा आहेत. सोबत यादी आणि कु. शैला गवाणकर यांनी १५ ऑगस्ट १९९९ रोजी काय पाहिले, ते त्यांच्या शब्दांत जोडले आहे. ही निरीक्षणे विद्यार्थ्यांनी त्याच वेळी मला सांगितली होती. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. मी त्यांना आळशी म्हटले. हेही आपल्या नोंदीत असावे, अशी कु. गवाणकर यांची आणि माझी विनंती आहे. उत्तरास उशीर झाला, त्याला प्रकृतीचे कारण नव्हते.’

शेवटचं वाक्य तीनदा खोडलं आणि चौथ्यांदा राहू दिलं.

आमचं पोस्ट आता आठवड्यातून तीनच दिवस उघडतं. सोमवारी मी दहालाच जाऊन उभा राहिलो. काउंटरवरच्या मुलीने पाकीट उलटसुलट केलं. हाताने लिहिलेला पत्ता तिने बऱ्याच दिवसांत पाहिला नसावा.

“रजिस्टर करायचं, आजोबा?”

“हो. पोचपावतीसकट. कधी मिळेल?”

“गुरुवारी. फार तर शुक्रवारी.”

पंधरा सप्टेंबरला अजून तीन आठवडे होते. पाकीट तिच्या हातात होतं, आणि मला अचानक वाटलं की यादीत एक तारीख चुकली असावी. अठरा ऑगस्ट २००२, तो रविवारच होता ना? मी मनात मोजलं. रविवारच होता. मग वाटलं, ‘उलट्या वाचा’ हे खोत बाईंना पटलंच नाही तर? बाई हसतील. किंवा बरोबर उलट, माझं पत्र कोणाच्या तरी हातात पडेल आणि तो म्हणेल, बघा, यांचं सगळंच खोटं. शैलाची नोकरी जाईल, सूटही मिळणार नाही.

“बाळ, हे एकदा घेतलं की परत मिळतं का?”

“शिक्का मारेपर्यंत मिळतं. अजून मारला नाहीये.” तिने पाकीट माझ्याकडे सरकवलं. “काही राहिलं का लिहायचं?”

माझ्यामागे दोन माणसं उभी होती. त्यातल्या एकाने घसा खाकरला.

“नाही,” मी म्हणालो आणि पाकीट परत तिच्याकडे सरकवलं. “मारा शिक्का.”

तिने मारला. एक पाकिटावर आणि एक माझ्या पावतीवर.